एक बाटली, बारा नाकं : प्रकल्प नोंदी

४ मार्च

आज बॅच १ मिसळली. ताज्या, हिरव्या वनस्पतींचा वास असलेला पुरुषांसाठीचा परफ्यूम. गेले आठ महिने हा फक्त वहीत होता. अर्क १२ ग्रॅम, बाकी परफ्यूमचं अल्कोहोल, मिळून १०० ग्रॅम.

वरच्या थरात बर्गमॉट (बर्गाप्टेन काढलेलं, नाहीतर उन्हात त्वचा पोळते), पेपरमिंटचा एक थेंब आणि त्याहून कमी सिस-३-हेक्झेनॉल, म्हणजे कापलेल्या गवताचा वास. मध्ये लव्हेंडर, क्लेरी सेज, रोजमेरी, जरासं जेरेनियम. तळाला कूमारिन (वाळलेल्या गवतासारखा गोडसर वास), वाळा, ओकमॉसच्या (ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या) जागी त्याच वासाचं कृत्रिम व्हेरामॉस, आणि टिकण्यासाठी गॅलॅक्सोलाइड हा मस्क, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचा कृत्रिम घटक. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना बांधून ठेवायला डायहायड्रोमर्सिनॉल, हाही प्रयोगशाळेत बनवलेला, ताज्या वासाचा घटक. खऱ्या ओकमॉसचा मोह झाला होता, पण त्यातल्या अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉलची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना येते. दुसऱ्याच्या अंगावर द्यायची वस्तू आहे, तेव्हा नकोच.

सांगाडा जुनाच आहे. १८८२ साली हुबिगां या फ्रेंच घराण्यासाठी पॉल पार्के यांनी 'फुजेर रॉयाल' हा परफ्यूम बांधला, त्यात लव्हेंडर, ओकमॉस आणि प्रयोगशाळेत बनवलेलं कूमारिन एकत्र आलं. कूमारिन कृत्रिमरीत्या तयार करण्याची रीत विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्येच शोधली होती. फुजेर म्हणजे नेचा. नेच्याला स्वतःचा म्हणावा असा वास जवळजवळ नसतो, आणि तरी त्याच्या नावाचं एक अख्खं कूळ उभं राहिलं. पुरुषांचा म्हणून आपण जो वास ओळखतो, त्यातला मोठा भाग या कुळातला.

बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवली. तीन आठवडे मुरू दे.

२५ मार्च

गाळून ५ मिलीच्या बारा कुप्या भरल्या. दहा पुरुष, दोन बायका. वयं २१ ते ७४. नावांऐवजी क्रमांक. क्रमांक १ म्हणजे माझे मोठे काका, बाकीचे नात्यातले, ओळखीचे, कामावरचे. सगळ्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस वाट पाहिली. कुणालाही पुरळ नाही, खाज नाही.

सूचना एवढीच: सात दिवस लावा, दुसरा कुठलाही वास त्या दिवशी अंगावर नको, आणि कार्डावर जे वाटेल ते लिहा. घटक कुणालाच सांगितले नाहीत.

३ एप्रिल

कार्डं परत आली. सगळी एकदम जमिनीवर पसरली आणि बराच वेळ नुसती वाचत बसले.

क्रमांक २: "पाऊस पडून गेल्यावरची बाग." क्रमांक ४: "कपडे धुवायची पावडर, पण चांगल्यातली." क्रमांक ५: "पहिल्या क्षणी ओलं, नुकतंच कापलेलं गवत. फार आवडलं." क्रमांक ८: "बाम. सर्दीचा बाम. इतरांच्या अंगावर छान येत असेल, माझ्या अंगावर बाम होतो." क्रमांक ७: "सुरुवात सुंदर, चाळीस मिनिटांत गायब." क्रमांक ७ च्या बायकोने त्याच कार्डाच्या मागे पेनाने लिहिलंय: "रात्रीपर्यंत शर्टाला येत होता." क्रमांक ९: "गार. वास कसला ते सांगता येत नाही, पण नाक गार होतं." क्रमांक १०: "डोकं उठलं, दोन दिवसांनी बंद केला." क्रमांक १२, बायकांपैकी एक: "पुरुषांचा का म्हणता? मी रोज लावेन."

काकांच्या कार्डावर दोनच शब्द: "दाढीचा साबण." त्याखाली रेघ मारून तारीख.

हे बारा जण एकाच बाटलीबद्दल बोलतायत हे मला माहीत आहे म्हणून, नाहीतर पटलं नसतं. सरासरी काढायचा विचार मनात आला आणि तिथेच सोडला. बाग आणि बाम यांची सरासरी कसली काढणार?

५ एप्रिल

पहिली चूक माझी. कार्डावर वेळेचा रकाना नाही. बर्गमॉट, पुदिना, गवत पहिल्या अर्ध्या तासात उडतात. लव्हेंडर, सेज दोन-तीन तास. कूमारिन, वाळा, मस्क त्याच्याही नंतर. क्रमांक ५ ने लावल्या लावल्या लिहिलं, क्रमांक ४ ने जेवणानंतर. दोघांनी दोन वेगळे वास हुंगले आणि मी ते एकाच ओळीत मांडले. सगळ्यांना फोन करून 'कधी लिहिलंत' ते विचारलं. सात जणांना आठवत होतं. त्यांची कार्डं वेळेप्रमाणे लावली तर अर्ध्याहून जास्त भांडण मिटतं.

राहिलेलं भांडण मात्र मिटत नाही. क्रमांक २ आणि क्रमांक ८ या दोघांनीही दहाव्या मिनिटाला लिहिलंय. एकाला बाग, एकाला बाम.

९ एप्रिल

'बाम' किंवा 'कापूर' हा शब्द चार कार्डांवर आहे. बारापैकी चार म्हटल्यावर आधी बाटलीकडेच बघायला हवं. सगळे कच्चे घटक एकेका कागदी पट्टीवर घेऊन रांगेत लावले. रोजमेरीत कापूर आणि सिनिओल (निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक) असतात, पण मी रोजमेरी फार थोडी घातली आहे. मग लव्हेंडरची पट्टी पुन्हा नाकाशी नेली. जुन्या बाटलीत तळाला थोडं खात्रीचं लव्हेंडर शिल्लक होतं, त्याची पट्टी शेजारी धरली.

फरक लगेच कळला. जुनं तेल मऊ, थोडं गोडसर, फुलाकडे झुकणारं. नवीन तेलाला मागून एक धार आहे, नाकाच्या मुळाशी जाऊन टोचणारी. हे लव्हेंडर नाही, लव्हँडिन आहे. ते लव्हेंडरचंच संकरित भावंड. पीक जास्त, तेल जास्त, म्हणून स्वस्त. साबणात आणि धुण्याच्या मालात बहुतेक तेच जातं. खऱ्या लव्हेंडरमध्ये कापराचं प्रमाण सहसा १ टक्क्याच्या आत राहतं, 'ग्रोसो' जातीच्या लव्हँडिनमध्ये ते ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जातं. बाटलीवर लव्हेंडर असंच छापलंय. ज्यांनी दिलं त्यांना कळवलं, त्यांनी बदलून देतो म्हटलंय. पण आल्या दिवशीच मी दोन पट्ट्या शेजारी धरायला हव्या होत्या, ते माझंच काम होतं.

म्हणजे त्या चौघांनी माझ्या आधी चूक पकडली. क्रमांक ८ ला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी तर समजत होतो माझ्याच घामाचा काही दोष असेल."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. परफ्यूम आवडला नाही की लोक स्वतःच्या अंगाला दोष देतात. 'माझ्या अंगावर तो बसत नाही.' विकणारेही हेच सांगतात. दवण्याच्या तेलाबद्दल तर या धंद्यात ठाम समजूत आहे की ते प्रत्येकाच्या अंगावर वेगळा वास देतं. अंगामुळे किती फरक पडतो आणि नाकामुळे किती, हे घरच्या घरी तपासता येईल का?

१३ एप्रिल

येईल. आज तपासलं.

सहा जण आले: १, ३, ५, ८, ९ आणि ११. खोलीत दोरी बांधून तिच्यावर चादर टाकली, चादरीला मनगटाएवढ्या सहा चिरा. सगळ्यांनी बिनवासाच्या साबणाने हात धुतले, डाव्या मनगटावर एकेक फवारा, सारख्याच अंतरावरून. मग सहा जण चादरीमागे बसले आणि हात पुढे काढले. एकेक जण पुढे येऊन समोरची पाच आणि स्वतःचं एक अशी सहाही मनगटं हुंगायचा, प्रत्येकाला एक शब्द लिहायचा. घड्याळं-बांगड्या काढून ठेवल्या होत्या. केसांवरून, सुरकुत्यांवरून हात ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर रुमाल बांधला आणि मी हात धरून एकेका मनगटाशी नेलं. क्रम दर वेळी बदलला. मध्ये मध्ये स्वतःच्या कोपराचा वास घ्यायला लावला, म्हणजे नाक ताळ्यावर येतं.

हिशोब साधा होता. फरक अंगाचा असेल, तर एका मनगटावर सगळे 'बाम' म्हणतील. फरक नाकाचा असेल, तर एकच माणूस सगळ्या मनगटांवर 'बाम' म्हणेल.

दहाव्या मिनिटाला क्रमांक ८ ने सहाच्या सहा मनगटांवर 'बाम' लिहिलं. काकांनी पाचांवर 'साबण'. क्रमांक ५ ला चारांवर 'गवत'. क्रमांक ९ ला सगळीकडे 'गार'. शब्द मनगटाबरोबर नव्हे, माणसाबरोबर फिरत होता. क्रमांक ८ ने रुमाल सोडून स्वतःची सहा चिठ्ठ्यांची रांग पाहिली आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या अंगात काही वाईट नाही." त्याच्या चेहऱ्यावर आलेली सुटका बघून आजच्या दिवसाचं चीज झालं.

एका मनगटाने मात्र वेगळं वागून दाखवलं. क्रमांक ११ चं. एका तासाने पुन्हा फेरी केली तेव्हा पाच मनगटांवरून लिंबाचा, पुदिन्याचा भाग पार गेला होता. त्याच्या मनगटावर तो अजून स्पष्ट होता, सहापैकी चौघांनी 'अजून ताजा' असं काही ना काही लिहिलं. त्याची त्वचा मुळात तेलकट आहे. तेलात हे रेणू अडकून राहतात आणि सावकाश सुटतात. कोरड्या त्वचेवरून भराभर उडतात. त्वचेने फरक पडतोच, पण आज जे पाहिलं त्यात तो वेगाचा फरक होता. बागेचा बाम त्वचेने केला नव्हता.

सहा माणसं, एक दुपार. याच्यावर नियम उभा करणार नाही. दवण्याचं तेल मिळालं की याच चादरीमागे त्याचीही फेरी होईल.

हात धुवायला जाताना काका थांबले. त्यांनी मनगट नाकाशी नव्हतं नेलं, गालाला लावलं होतं. गालावर खालून वर, ब्रश फिरवावा तसं. मी विचारलं, "काका, कुठला साबण?" म्हणाले, "अगं, तुझ्या आजोबांचा. पितळी वाटीत असायचा. मी सकाळी वाटी धरून उभा राहायचो आणि ते फेस करायचे." आजोबांना मी कधी पाहिलं नाही. त्यांच्याबद्दल वासाची म्हणावी अशी ही पहिलीच गोष्ट मला कळली.

१४ एप्रिल

कालच्या 'गार' आणि 'गवत' बद्दल.

गारवा हा मुळात वासच नाही. पेपरमिंटमधलं मेंथॉल नाकातल्या ज्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चेतवतं (टीआरपीएम८), तो थंडी ओळखणारा आहे आणि त्याची खबर वासाच्या नव्हे, चेहऱ्याच्या संवेदनेच्या मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. रोजमेरीतलं सिनिओलही तोच खटका दाबतं. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूशियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, त्यात हाही आहे. म्हणून क्रमांक ९ ला वास 'सांगता येत नाही'. त्याने अगदी बरोबर लिहिलं होतं, मलाच ते कार्ड अर्धवट वाटलं होतं.

गवताचं वेगळं. माणसाच्या नाकात वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक चालू स्थितीत असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही जनुकं सगळ्यांची सारखी नसतात. सिस-३-हेक्झेनॉल कुणाला किती तीव्र जाणवतं याचा संबंध ओआर२जे३ नावाच्या जनुकातल्या फरकांशी सापडला आहे. क्रमांक ५ ला जे गवत पहिल्या श्वासात भेटतं ते शेजारच्याला कदाचित फार उशिरा, फार फिकं भेटत असेल. आपण दोघं एकच परफ्यूम हुंगतोय हे म्हणणंच थोडं सैल आहे.

१९ एप्रिल

क्रमांक ७, चाळीस मिनिटांत गायब.

आधी वाटलं नाक सरावलं असेल. स्वतःच्या अंगावरचा वास थोड्या वेळाने स्वतःला येईनासा होतो, ते सगळ्यांचंच. पण त्याला दोन तास बाहेर मोकळ्या हवेत पाठवून परत बोलावलं तरी मनगटावर "काही नाही". मग एका पट्टीवर नुसतं गॅलॅक्सोलाइड घेतलं आणि दुसरी पट्टी कोरी ठेवली. त्याने दोन्ही हुंगल्या, उलटसुलट केल्या, पुन्हा हुंगल्या. "दोन्ही कोरे कागद आहेत." बायको शेजारीच उभी होती, ती दोन हातांवरून म्हणाली, "अहो, हा उजवा नुसता घमघमतोय."

योगायोगाने उजवी सांगितली असेल म्हणून तीन-तीन पट्ट्यांची चाचणी घेतली, एकीवर मस्क, दोन कोऱ्या. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा बरोबर येतंच. नऊ फेऱ्यांत त्याची तीन बरोबर आली. तिची नऊच्या नऊ.

मस्कचे रेणू मोठे असतात आणि काही माणसांना एखादा ठरावीक मस्क अजिबात येत नाही, बाकी नाक ठणठणीत असतं. जाणकार म्हणूनच एकाच मस्कवर भिस्त ठेवत नाहीत, दोन-तीन वेगळ्या घडणीचे मिसळतात. मला हे माहीत होतं, पण कळलं आज, तो कोरा कागद हातात धरून माझ्याकडे बघत होता तेव्हा. त्याच्यापुरता माझ्या परफ्यूमला तळच नव्हता.

बॅच २ मध्ये गॅलॅक्सोलाइड निम्मं, बाकी इथिलीन ब्रॅसिलेट आणि थोडं अँब्रेटोलाइड, हे वेगळ्या घडणीचे दोन मस्क. दोन्हींच्या पट्ट्या त्याला दिल्या. पहिली त्याला लगेच आली.

२४ एप्रिल

धुण्याची पावडर. हे डायहायड्रोमर्सिनॉलचं. साबणातल्या अल्कलीत, ब्लीचमध्येही तो टिकतो, म्हणून धुण्याच्या मालात सर्रास असतो. परफ्यूममध्ये तो मोठ्या प्रमाणात गाजला १९८२ च्या 'द्राकार नुआर'मुळे आणि पुढे १९८८ च्या 'कूल वॉटर'मुळे. क्रमांक ६ पन्नाशीचा आहे, त्याने कार्डावर "कॉलेजातला मी" असं लिहिलंय. क्रमांक ४ बावीस वर्षांचा, त्याला तो आधी बादलीत भेटला. रेणू तोच. मला वाटतं, आधी कुठे भेट झाली याला फार वजन आहे.

नावाचंही तसंच. पाच नवीन जणांना तोच रस दोन कुप्यांतून दिला, एकीवर 'रानातली पानं', दुसरीवर 'स्वच्छ अंघोळ'. पाचांपैकी चौघांनी दोन वेगळी वर्णनं लिहिली, एकाने तर दुसरी "जास्त टिकते" असंही. नंतर खरं सांगून माफी मागितली. फसवणूक नको वाटते, पुन्हा करणार नाही. पण 'पुरुषांसाठी' ही अक्षरं कार्डावर छापून मी सगळ्यांना आधीच एक वास सुंघवला होता, हे क्रमांक १२ ने पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. ती अक्षरं काढली.

२ मे

बॅच २ मिसळली. बदललेलं, नीट तपासलेलं लव्हेंडर. मस्क तीन. डायहायड्रोमर्सिनॉल एक तृतीयांश कमी. गवत तेवढंच, पेपरमिंट तेवढंच. रोजमेरी किंचित वाढवली, कारण कापराची धार गेल्यावर मधला भाग लोळागोळा वाटत होता.

नवीन कार्डावर तीन रकाने: ५ मिनिटं, १ तास, ५ तास. त्याखाली 'हा वास आधी कुठे भेटलाय?' एवढा एकच प्रश्न.

२३ मे

बॅच २ वाटली. क्रमांक १० चं डोकं उठलं नाही, निदान पहिल्या दिवशी. क्रमांक ७ ला पाच तासांनंतर "काहीतरी मऊ" येतंय. क्रमांक ८ ने तिन्ही रकान्यांत लिहिलंय, आणि 'बाम' कुठेच नाही: "पानं", "पानं, थोडी सुकलेली", "स्वच्छ कातडी".

संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांनी फवारा मारला, थांबले, मनगट गालाला लावलं. पुन्हा लावलं. "छान आहे गं," म्हणाले. "आधीच्यापेक्षा चांगलाच आहे." आणि कुपी टेबलावर ठेवली.

मी विचारलं, "साबण नाही आला?"

"नाही."

घरी येईपर्यंत कारण लक्षात आलं होतं. आजोबांच्या वाटीतल्या त्या साबणात खरं लव्हेंडर कशाला असेल? साबणात लव्हँडिन. जी धार चौघांना टोचली आणि मी कष्टाने काढून टाकली, तिच्यातच ती वाटी होती.

२६ मे

बॅच १ चं जे काही उरलं होतं ते सगळं एकत्र केलं, भरलं ४३ मिली. गडद काचेची बाटली घेतली, हवा कमी राहावी म्हणून गळ्यापर्यंत भरली. हवा लागली की लव्हेंडर-लव्हँडिनमधल्या लिनालूलचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्वचेला त्रास देणारे पदार्थ तयार होतात, म्हणून झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधाराची. लेबलवर 'बॅच १, क्रमांक १ साठी' आणि तारीख.

लव्हँडिनची ती बाटली परत पाठवायची होती. नाही पाठवली. सूत्राच्या वहीत बॅच १ वर मारलेली फुली खोडली आणि समासात लव्हँडिनचं वजन पुन्हा नीट लिहून ठेवलं.

काकांना बाटली देऊन आले. त्यांनी विचारलं, दाढी झाल्यावर लावू की आधी?